टाकी कुठं बसवायची?

"भाचीच्या लग्नाला मी यष्टीनं गेलो, तर मिशी उतरवून ठेवीन!"

सहादेवनं ही घोषणा तिसगावच्या भर बाजारात केली, आणि तीही मिरच्यांच्या ढिगावर थाप मारून! पुढची दहा मिनिटं तो स्वतः, मिरचीवाली आणि आजूबाजूचे पाचसहा जण नुसते शिंकत होते. पण गडी हटला नाही. दोन शिंकांच्या मधल्या फटीतून त्यानं वाक्य पुरं केलं, "सोताच्या... मोटारीनं जाईन! आन् सोता... चालवत जाईन!"

आता तुम्ही विचाराल, बाहत्तर सालच्या त्या उन्हाळ्यात तिसगावच्या शेतकऱ्याकडं मोटार कुठली? बरोबर आहे. मोटार नव्हतीच. मोटारीचा सांगाडा होता. नगरला मिलिटरीच्या भंगाराच्या लिलावात सहादेवला एक जीप लागली होती. जीप म्हणजे चार चाकं, एक स्टेअरिंग, गिअरची पेटी आणि बसायला दोन फळ्या. टप नाही, दिवे नाहीत आणि इंजिनाच्या जागी चिमणीचं घरटं. लिलाव करणाऱ्या साहेबानं "इंजिन नहीं है" असं तीनदा सांगितलं होतं. सहादेवनं तीनदा मान डोलावली होती. कारण इंजिन त्याच्या घरीच होतं!

त्याच्या विहिरीवर पाच घोड्यांचं डिझेल इंजिन होतं. दोन वर्षं पावसानं दगा दिला होता आणि विहिरीत आता पोहरा सोडला तर तो कोरडाच वर यायचा. इंजिन पोतं पांघरून गपगार बसलेलं. ते बघून सहादेवचा जीव तळमळायचा. "पाच घोडं घरात बसून हायेत, आन् आमी यष्टीत उभं राहून जायचं?" तो बायकोला विचारायचा. रंगूबाई म्हणायची, "घोडं हायेत तर टांगा करा. मोटार कशापायी?"

पण खरा प्रश्न हौसेचा नव्हता, इभ्रतीचा होता. सहादेवची थोरली बहीण कडूबाई टेकवाडीला दिलेली. तिची एकुलती एक पोरगी मालन, हिचं लग्न वैशाखात ठरलं होतं. गोरज मुहूर्त! आणि तुम्हाला ठाऊकच आहे, नवरीला हाताला धरून मांडवात आणायचं काम मामाचं, आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं कामही मामाचंच. कडूबाईला भाऊ एकच. आणि सख्खा मामा काही उसना आणता येत नाही. आणि हा एकुलता मामा आजवर एकाही कार्याला वेळेवर पोचलेला नव्हता. मालनच्या बारशाला तो पोचला तेव्हा पोरीचं नाव ठेवून घुगऱ्या संपल्या होत्या. सुपारी फोडायला पोचला, तेव्हा फोडलेली सुपारी लोक चघळत होते.

म्हणून कडूबाईनं निरोप धाडला होता, "सहादेवा, या टायमाला उशीर केलास, तर माझ्या दाराची पायरी परत चढू नगंस. मला भाऊ हुता, असं समजीन."

हे शेवटचं वाक्य सहादेवच्या काळजाला लागलं होतं. आईच्या माघारी याच आक्कानं त्याला वाढवलेलं. वेळेवर तर जायचंच, पण असं जायचं की सगळी टेकवाडी बघत राहिली पाहिजे!

इंजिन विहिरीवरून उचलून जीपवर चढवायला बन्सी मिस्त्री आला. आसपासच्या दहा गावांतल्या विहिरींवरची इंजिनं बन्सीच्या हाताखालची. त्यानं बारा दिवस खपून इंजिन पुढं बसवलं, चामड्याच्या पट्ट्यानं ते गिअरच्या पेटीला जोडलं, आणि हात पुसत म्हणाला, "झाली मोटार! आता निस्ती टाकी कुठं बसवायची ते सांगा."

निस्ती! लग्न आठ दिवसांवर आलं आणि या निस्त्या प्रश्नानं सहादेवच्या घरात भांडण घुसलं.

त्याचं असं आहे. डिझेल इंजिनाला एक छोटा पंप असतो. तो नोझलमधून डिझेलचा फवारा इंजिनाच्या घशात मारतो, डॉक्टर इंजेक्शन देतो तसा. पण हा पंप नवाब असतो. स्वतः उठून टाकीतून डिझेल आणणार नाही. कुणीतरी त्याच्या तोंडाशी आणून दिलं पाहिजे. ते आणून कुणी द्यायचं, यावर सगळं अडलं.

"टाकी उंचावर बांधा," बन्सी म्हणाला. "डिझेल पान्यावानी असतंय. वरनं खाली आपसूक येतंय. विहिरीवर नऊ वर्सं तसंच चाललं."

तिथंच बिडी ओढत आसाराम बसला होता. आसाराम ट्रक चालवायचा आणि नगर-मुंबई रोडवरचं सगळं ज्ञान त्याच्या खाकी शर्टाच्या खिशात असायचं. तो हसला. "अरं, ही मोटार हाय का पान्याचा नळ? ट्रकला कुनी डोक्यावर टाकी बांधतंय का? फीड पंप लाव, फीड पंप! टाकी कुठंबी असू दे. फीड पंप वढून आनतो आन् इंजिनाला पाजतो."

"आमच्या इंजिनाला असले लाड लागत न्हाईत," बन्सी म्हणाला.

"मग तुमचं इंजिन विहिरीवरच बरं हुतं!"

"तू टायर बदल बाबा. इंजिनातलं तुला काय कळतंय?"

"आन् तुला रस्त्यातलं काय कळतंय?"

खरं तर हा शेवटचा प्रश्न सहादेवनं नीट ऐकायला हवा होता. पण त्या वेळी तो दोघांच्या मध्ये उभा राहून दोघांनाही मान डोलावत होता. शेवटी त्यानं निकाल दिला, "आदी पंप लावून बघू. न्हाई जमलं तर टाकी वर."

आसारामनं मोडीत निघालेल्या ट्रकचा एक फीड पंप आणला. विहिरीवरच्या इंजिनाला तो बसवायची जागाच नव्हती. मग त्यानं तारेनं, सुतळीनं आणि शिव्यांनी तो पंप इंजिनाच्या बुडाला आवळला, आणि इंजिनाच्या चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला पंपाच्या दांडीला टोला बसेल अशी सोय केली. हँडल मारलं. इंजिन धुकधुकलं. पंपाला टोले बसायला लागले. पंपानं असा काही जोर धरला, की डिझेल इंजिनाकडं न्यायची रबरी नळी फटकन निसटली आणि अंगणभर नाचायला लागली! आसाराम तिच्या मागं, सहादेव आसारामच्या मागं. नळी दोघांनाही सापडेना.

आणि अंगणात बाजेवर कुरडया वाळत होत्या. मालनच्या रुखवतात मांडायच्या! रंगूबाईनं तीन दिवस गहू भिजवून, चीक काढून, पहाटेपासून चुलीपुढं घाम गाळून घातलेल्या एकशेएक कुरडया! नळीनं त्या सगळ्या न्हाऊ घातल्या.

रंगूबाई बाहेर आली. तिनं एक कुरडई उचलली, वास घेतला आणि परत ठेवली. मग अगदी सावकाश म्हणाली, "ह्यो पंप आत्ताच्या आत्ता घराभाईर काढा. न्हाईतर मला काढा."

पंप निघाला. पंपाबरोबर आसारामही निघाला. त्या दिवशी त्याला अचानक मुंबईचं भाडं मिळालं.

आता बन्सीची पाळी. त्यानं जीपवर बांबूची उंच घडवंची बांधून तिच्यावर टाकी चढवली. गाडी बघायला आलेले लोक म्हणाले, मचाण झकास झालंय, आता राखणीला माणूस बसवा. सहादेवनं तिकडं दुर्लक्ष केलं आणि बायकोला हाक मारली, "ये, बसून तर बघ!"

रंगूबाई बसली. इंजिन सुरू झालं. सगळी गाडी थरथरायला लागली, टाकी हिंदकळायला लागली, आणि झाकणातून डिझेलचा एक थेंब टपकन रंगूबाईच्या भांगात पडला. मग दुसरा. तिसऱ्याची वाट तिनं पाहिली नाही.

"म्या लग्नाला नवं लुगडं नेसून येनार हाय. डोईवर डिझेल नगं. आन् त्या धुराड्याकडं तोंड करून म्या बसायची न्हाई. मागं तोंड करून बसन. ती टाकी हितं मागच्या फळीवर ठिवा, माझ्या शेजारी. मी धरीन तिला."

"वैनी, पन उंची—" बन्सीनं तोंड उघडलं.

"कुरडया परत करायला कोन बसनार हाय? तू?"

बन्सी घडवंची सोडायला लागला. टाकी मागच्या फळीवर गेली, गाडीच्या अगदी शेपटाला. खाली दोन विटा घातल्या. बन्सीनं सुतानं मोजलं, "पंपापरीस इतभर उंच हाय. भागतंय." टाकीपासून पुढच्या इंजिनापर्यंत लांबलचक नळी आली. खळ्यावर चाचणी झाली. सहादेवनं खळ्याला एकवीस फेऱ्या मारल्या, इंजिन एकदाही अडखळलं नाही. बन्सीनं नारळ फोडला. सहादेवनं मिशीला पीळ दिला.

खळं सपाट असतं, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. येणार तरी कसं? ते इंजिन नऊ वर्षं एका जागी बसून होतं, आणि बन्सीनं जन्मात इंजिन चढाला लागलेलं पाहिलं नव्हतं. आणि टेकवाडी कुठं? तर नावातच आलं! टेकडीच्या माथ्याला. चार कोसांतला शेवटचा कोस नुसता चढ!

लग्नाच्या दिवशी भर दुपारी मोटार निघाली. स्टेअरिंगवर सहादेव, डोक्याला गुलाबी फेटा. पुढच्या मडगार्डावर पाने घेऊन बन्सी. मागच्या फळीवर मागं तोंड करून रंगूबाई, एका बाजूला नव्या कुरडयांची पाटी, दुसऱ्या बाजूला टॉवेलात गुंडाळलेली टाकी. टाकीभोवती तिनं असा हात टाकला होता, की लांबून बघणाऱ्याला वाटावं, घरातलं कुणी म्हातारं माणूस लग्नाला निघालंय.

सपाटीचे तीन कोस काय सांगू तुम्हाला! मोटारीनं दोन बैलगाड्या मागं टाकल्या. एका बैलगाडीनं मोटारीला मागं टाकलं, पण तिचे बैल बुजले होते, ते धरायचं नाही. वस्त्यावस्त्यांवरची माणसं बाहेर येऊन बघत होती. सहादेव एका हातानं सगळ्यांना रामराम घालत होता.

मग चढ लागला.

धुक धुक धुक... धुक... धुक... धु.

"हवा धरली," बन्सी म्हणाला. उतरून त्यानं पंपाचा नट ढिला केला. फसफस बुडबुडे आले. मग टाकीच्या तोंडात फुंकून त्यानं डिझेल पुढं रेटलं, नट आवळला, हँडल मारलं. गाडी वीस पावलं गेली. धुक... धु.

परत नट, परत बुडबुडे, परत हँडल. असं चार वेळा झालं. बन्सीनं आधी नोझलला दोष दिला, मग डिझेलला, मग पंपाला, आणि चौथ्या वेळी म्हणाला, "निगताना कुनी शिंकलं हुतं का?"

चढावर दुष्काळी काम चालू होतं. शेदीडशे बाया खडी फोडत बसलेल्या. त्यांचे हातोडे थांबले. त्यांच्यातली गोजरबाई नावाची एक म्हातारी मोठ्यानं ओरडली, "अवो फेटेवालं! चालत गेला असता, तर लगीन लागून पोरगी पयल्या बाळंतपनाला आली असती!"

शेदीडशे बाया एकदम हसल्या. सहादेवचा चेहरा फेट्याच्या रंगाचा झाला. सूर्य कलायला लागला होता. आक्काचं ते वाक्य त्याच्या कानात घुमत होतं.

"चला चालत," तो म्हणाला. "पळत जाऊ."

"एक कोस? चढानं? ही पाटी आन् आहेर घेऊन?" रंगूबाई म्हणाली.

तेवढ्यात चाकाखाली उटी म्हणून लावलेला दगड निसटला आणि मोटार आपली आपण मागं सरकायला लागली. सहादेवनं उडी मारून स्टेअरिंग धरलं, मिळेल तिकडं फिरवलं. गाडीनं गिरकी घेतली आणि उताराकडं तोंड करून रस्त्याच्या कडेला बांधाला टेकून उभी राहिली. बन्सीनं सवयीनं हँडल मारलं. आणि काय सांगू! इंजिन असं सुरू झालं, की जणू मघाशी काही झालंच नव्हतं!

"बगा! माझ्या हाताला गुन आला!" बन्सी म्हणाला. गाडी फिरवून परत चढाला लावली. धुक... धु.

परत खाली तोंड केलं. धुक धुक धुक!

वर तोंड. धु.

रंगूबाई टाकीला धरून हे सगळं बघत होती. तिनं टाकीकडं बघितलं, नळीकडं बघितलं, मग नवऱ्याकडं. "अवो, तोंड वर केलं की टाकी खाली जातीया. डिझेल काय चढ चढून इंजिनाकडं जानार हाय?"

दोघा गड्यांनी वाकून नळी बघितली. डिझेल वरून खाली येतं, हे बन्सीनंच सांगितलं होतं. खालून वर जातं, असं कुणीच म्हटलं नव्हतं.

"मग वैनी, तुमी टाकी डोईवर घ्या," बन्सी म्हणाला. "पान्याचा हंडा घेता तशी. उंची मिळंल."

रंगूबाईनं त्याच्याकडं नुसतं बघितलं. बन्सी नट आवळायला लागला. तो नट आवळलेलाच होता.

"खाली तोंड करून चालती ना? मग खाली तोंड करूनच वर न्या!" ती म्हणाली. "मागं जायचा गेर हाय का न्हाई ह्या डबड्याला?"

होता! मिलिटरीचा गिअर होता, मागं जाण्यात एकदम पटाईत! गाडीचं तोंड परत उताराकडं फिरवून सहादेवनं तो टाकला, आणि मोटार पाठमोरी, शेपूट वर करून चढ चढायला लागली. शेदीडशे बायांनी टाळ्या पिटल्या. गोजरबाई म्हणाली, "आगं बया, लगीन लावायला चाललेत का मोडायला?"

पण सहादेवला मागं बघता येईना. मान वळवली की फेटा डोळ्यांवर यायचा. मग रंगूबाई झाली त्याचे डोळे. मागं तोंड करून बसल्यामुळं आता सगळा रस्ता तिच्याच पुढं होता.

"डावीकडं घ्या!"

"कुनाच्या डावीकडं?"

"माझ्या!"

"तुझी डावी ती माझी उजवी!"

"अवो डावी म्हंजे डावी! खड्डा आला!"

धडाम! कुरडयांची पाटी उडाली, रंगूबाईनं ती वरच्या वर झेलली. "एवढी वर्सं संसार केला, अजून माझी डावी बाजू कळंना तुमाला!"

शेवटी तिनं डावं-उजवं सोडूनच दिलं. "त्या लिंबाकडं! आता देवळीकडं! आता त्या काळ्या म्हशीकडं— म्हशीकडं न्हवं, म्हस हालली! थांबा! आता चला!" अशी ती वरात एक कोस चढली. बन्सी मडगार्डावर बसून इंजिनाचा सगळा धूर खात होता आणि खोकत खोकत सांगत होता, "मी म्हनलंच हुतं... उंची पायजे."

टेकवाडीच्या वेशीत मोटार शिरली तेव्हा गुरं घरी परतत होती. मांडवात गुरुजी घड्याळ बघत विचारत होते, "मुलीचे मामा कुठे आहेत? मामांना बोलवा." कडूबाई दाराशी उभी, डोळ्यांत पाणी आणि तोंडात भावाचा उद्धार. आणि समोरून मारुतीचं दर्शन घेऊन नवरदेवाची मिरवणूक मांडवाकडं येत होती. पुढं बँड, मागं घोड्यावर मुंडावळ्या बांधलेला नवरदेव, आणि घोड्याचा लगाम धरून नवरदेवाचा मामा पुंजाराम. पुंजाराम म्हणजे मानपानातला वाघ. मागच्या लग्नात सुपारी डाव्या हातानं दिली म्हणून तो पंगतीतून उठला होता.

गल्लीत दोन्ही वराती समोरासमोर आल्या. पुंजारामनं काय बघितलं? एक मोटार त्याच्याकडं येते आहे, पाठ करून. तिच्या शेपटावर एक बाई टॉवेलातल्या डब्याला मिठी मारून बसली आहे. आणि नवरीचा मामा, ज्यानं हात जोडून सामोरं यायचं, तो नवरदेवाकडं सरळ पाठ करून बसलेला!

बँड थांबला.

"नवरदेवाकडं पाठ?" पुंजाराम गरजला. "ह्यो अपमान हाय! वळवा घोडं! असल्या घरात पोरगं द्यायचं न्हाई आपल्याला!"

मांडवात एकच कल्लोळ. कडूबाईचा नवरा गोरक्षनाथ हात जोडत पळत आला. सहादेव ओरडून सांगायला लागला, "पाव्हनं, तसं न्हाई, टाकी मागं हाय, डिझेल चढत न्हाई..." इंजिनाच्या आवाजात पुंजारामला त्यातलं काही ऐकू गेलं नाही, आणि गेलं असतं तरी टाकीवरून लग्न वाचलं नसतं! उशीर तर झालाच होता, आता पोरीचं लग्नही आपल्यापायी मोडणार.

तेवढ्यात रंगूबाई फळीवर उभी राहिली. डोक्यावरचा पदर नीट केला, आणि ठणकावून म्हणाली, "पाव्हनं, रीत हाय आमची!"

"कसली रीत?"

"नवरीचा मामा आन् नवरदेव, अंतरपाट धरायच्या आदी नजरानजर हू द्यायची न्हाई. मामानं पाठ करूनच यायचं. लई जुनी रीत हाय. समदी पाळत न्हाईत. आमी पाळतो!"

कडूबाईनं भावजयीकडं बघितलं. एक क्षणच. मग पदरानं डोळे पुसून म्हणाली, "व्हय तर! माझ्या लग्नात बी मामा असाच आल्ता!"

"कदी?" गोरक्षनाथ म्हणाला. "तुझा मामा तर माझ्याशेजारी बसून पान—" कडूबाईनं त्याच्या दंडाला असा चिमटा काढला, की पुढचं वाक्य त्यानं गिळलं ते गिळलंच.

पुंजाराम विचारात पडला. आता नवरीकडची रीत खरी निघाली, तर आपल्याकडं तसली रीत नाही हे कबूल करायचं? त्याच्यातला वाघ उठला. "मग ही रीत आमाला आदी का सांगितली न्हाई? आमी काय बिनरीतीचं हाय? नवरीचा मामा पाठ करून येतो, तर नवरदेवाचा मामा बी पाठ करूनच येनार! वाजवा रे!"

बँडवाल्यांचा म्होरक्या छगन म्हणाला, "आन् आमी कसं जायचं?"

"उलटं!"

झालं! बँड उलटा चालायला लागला. सनईवाला ढोलवाल्याच्या पायावर, ढोलवाला ताशेवाल्याच्या पायावर. घोड्याला उलटं चालायचं काय ते कळेना. तो गोल गोल फिरायला लागला आणि नवरदेव एकदा मांडवाला, एकदा मारुतीला तोंड दाखवायला लागला. पुंजाराम लगाम सोडून सगळ्यांत पुढं, म्हणजे सगळ्यांत मागं, छाती काढून पाठमोरा चालत होता. मांडवाच्या कडेला पुऱ्यांसाठी कणकेचा मोठा डोंगर भिजवून परातीत ठेवला होता. पुंजारामला तो दिसायचं काही कारणच नव्हतं. तो त्यात आरामात बसला.

चार जणांनी त्याला उपसून काढलं. उपरणं, धोतर आणि मागची सगळी बाजू कणकेनं लिंपलेली. त्यानं ते हातानं चाचपून पाहिलं, इकडं तिकडं बघितलं, आणि लगेच ताठ झाला. त्या क्षणापासून त्यानं लोकांकडं पाठ म्हणून केली नाही. अक्षता असोत, जेवण असो, निरोप असो, पुंजाराम सगळीकडं तोंड पुढं ठेवून मागं मागंच सरकत राहिला. म्हाताऱ्या बाया एकमेकींना म्हणाल्या, "बगा, रीत पाळावी तर अशी!"

पण ते मागाहून. आधी सहादेव मोटारीवरून उतरला तो नवरदेवाकडं पाठ ठेवत, खेकड्यासारखा तिरका तिरका घरात शिरला. तोंड काजळीनं काळंभोर, फेटा मानेवर. पिवळ्या अष्टपुत्रीत बसलेली मालन त्याला बघून आधी दचकली, मग हसली आणि मग रडायलाच लागली. "मामा, आलास व्हय!"

"आलो गं बाई," सहादेव म्हणाला. त्यानं तिचा हात धरला. गुरुजींचं घड्याळ आणि मामा, आयुष्यात पहिल्यांदाच, एका वेळी एका जागी होते. मंगलाष्टकं संपेपर्यंत तो भाचीच्या पाठीशी खांबासारखा उभा राहिला. कडूबाईनं दुसऱ्या दिवशी त्याला ओवाळलं आणि म्हणाली, "येत जा रं. कसाबी ये."

यानंतर सहादेव शहाणा झाला. पावसाळ्याआधीच त्यानं आसारामला गाठलं, हातापाया पडला आणि इंजिनाला नीट फीड पंप बसवून घेतला. टाकी गेली फळीखाली. आता मोटार चढावर सरळ, तोंड पुढं करून, धुक धुक धुक चढायची! एकदाही हवा धरायची नाही. पुढच्या लग्नसराईत रंगूबाईच्या बहिणीच्या पोरीचं लग्न आलं. नवरीचा मामा कुठंतरी ऊसतोडीला अडकलेला, म्हणून मामाच्या मानाला सहादेवला बोलावलं. मोटार सरळ हाकत, मान ताठ ठेवून तो वेशीशी पोचला. आता सगळं गाव बघणार होतं!

वेशीत पंधरा माणसं आडवी उभी होती.

"मामा, वळवा मोटार."

"का? काय झालं?"

"आता का म्हनून इचारता? टेकवाडीपस्नं समदीकडं रीत झालीया. नवरीचा मामा पाठ करूनच येतो. तुमच्याच घरातनं तर निगाली! वळवा. नवरदेव यायच्या आत वळवा."

सहादेवनं त्यांना फीड पंप दाखवला. टाकी दाखवली. नळी कुठून कुठं जाते तेही दाखवलं. माणसांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं आणि म्हणाली, "छान हाय. आता वळवा."

मोटार वळली. रिव्हर्स पडला. सहादेवनं मान मागं वळवली, फेटा डोळ्यांवर आला, आणि मानेत अशी कळ निघाली, की दोन दिवस ती तशीच राहिली. वेशीतून पहिली आत गेली ती मागच्या फळीवरची रंगूबाई. पहिलं कुंकू तिला लागलं, पहिली ओवाळणी तिची झाली, पहिला नारळही तिच्याच ओटीत पडला.

"एवढा झकास पंप बसवला," सहादेव स्टेअरिंगवरून कळवळून म्हणाला, "आन् तरी उलटंच जायचं?"

"उलटं कुठं?" रंगूबाई नारळ सावरत म्हणाली. "मी तर सरळच चाललीया की!"